सासनकाठीचा दोर पहिल्यांदा हातात घेताना

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर आजवर तुम्ही गर्दीत उभं राहून सासनकाठ्या, म्हणजे गावोगावच्या निशाणाच्या उंच काठ्या, बघितल्या असतील. यंदा गावातल्या कुणीतरी "एक दोर तू धर" म्हटलं असेल, आणि होकार देऊन बसल्यावर आता पोटात गोळा आला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहितोय.

माझी पहिली खेप तेविसाव्या वर्षी. पुण्यात नोकरी, रोज संध्याकाळी जिम, दंडात ताकद. आमच्या करवीर तालुक्यातल्या गावाची काठी डोंगर चढून गायमुखापाशी आली, तिथं एकाच्या हाताला फोड आला म्हणून त्याचा दोर माझ्याकडं दिला. मी घेतला आणि ओढला. दोर ओढायलाच असतो ना! काठी माझ्याकडं झुकली, समोरच्यानं आवरायला त्याच्या बाजूनं ओढली, मला वाटलं तो जास्तच ओढतोय, म्हणून मी आणखी जोर लावला. दोन मिनिटांत काठीवाल्याच्या मानेच्या शिरा टरटरून वर आल्या आणि काठीचा कळक, म्हणजे बांबू, मधोमध धनुष्यासारखा वाकला. थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गर्दीतून आत घुसले आणि माझ्या कानाशी ओरडले, "लेका, दोर धरलाईस का बैलाचा कासरा? वढू नगंस! नुसता धरून ऱ्हा."

नुसता धरून राहायचं म्हणजे काय, हे कळायला मला पुढच्या चार यात्रा लागल्या. तुम्हाला एवढा वेळ लागू नये.

आधी काठी समजून घ्या

तीस-चाळीस फुटांचा कळक, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, वर निशाण. बुडाशी एक माणूस, तो काठीवाला, काठी अंगावर तोलतो आणि हलगीच्या ठेक्यावर नाचवतो. वरच्या भागाला बांधलेले दोर चहूबाजूंनी माणसं धरतात. आमच्या काठीला चार दोर आहेत, तुमच्याकडं कमी-जास्त असतील. काठीवाल्याला वरचा शेंडा नीट दिसत नाही. दोरवाल्याला शेंडा दिसतो, पण काठीचं वजन अंगावर नसल्यानं पुढच्या क्षणी तोल कुठं जाणार ते कळत नाही. प्रत्येकाकडं अर्धीच माहिती. उरलेली अर्धी ओरडून सांगावी, तर हलगी, पिपाणी आणि "चांगभलं"च्या गजरात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून बोलणं दोरातून होतं.

हे मी अलंकारिक म्हणून लिहीत नाही. चार-पाच जण मिळून एखादं काम करताना हालचालीतूनच एकमेकांना निरोप कसे देतात, हा संशोधनाचा विषय आहे. रॉबरेख्त व्हॅन डर वेल, गुंटर क्नोब्लिख आणि नताली सेबान्झ यांचा 2011 चा एक प्रयोग वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. त्यांनी एक खांब घेतला, त्याच्या बुडाला दोन बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि खांब दोन खुणांच्या मध्ये पुढंमागं डोलवायला सांगितलं. आधी एकच माणूस दोन्ही हातांत दोऱ्या धरून ते करायचा, मग दोघं जण एकेक दोरी धरून. जोडीचं काम एकट्याइतकंच चांगलं झालं. मात्र जोडीतले दोघंही एकाच वेळी आपापल्या बाजूला थोडं ओढत राहिले, म्हणजे कामाला लागते त्याहून जास्त ताकद त्यांनी खर्च केली. ती वाया गेली नाही. दोरी ताणलेली राहिल्यानं एकाची हालचाल दुसऱ्याच्या हाताला लगेच कळत होती. सैल दोरीतून काहीच कळत नाही. आबांनी तो लेख वाचलेला नाही, पण "धरून ऱ्हा"चा अर्थ तोच.

बरोबर काय घ्याल

कागदपत्रं विचाराल तर दोर धरायला कुठला अर्ज नाही. आधारकार्डाची झेरॉक्स आणि घरच्या दोन माणसांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. गर्दीत चुकामूक होतेच, आणि फोन ऐनवेळी लागेलच असं नाही. बाकीचं सामान असं:

- जुने, अंगाला बसणारे कपडे. गुलाल धुतल्यावरही जात नाही, त्यामुळं नवा शर्ट घरीच ठेवा.
- डोक्याला बांधायला टॉवेल किंवा फेटा. घाम आणि गुलाल मिळून डोळ्यात उतरला की दोर सोडून डोळे चोळावेसे वाटतात.
- पाण्याची बाटली, पण ती दुसऱ्या कुणाकडं तरी.
- हातमोजे नकोत. तळव्याला दोराचा ताण कळायला हवा.
- बहुतेक जण अनवाणी असतात. तसं जाणार असाल तर आठवडाभर आधी पायाला थोडी सवय करा. चैत्रातल्या उन्हात डांबर तव्यासारखं तापतं.

अंगठी काढून ठेवा. घड्याळसुद्धा.

१. घरी तीन खेळ खेळा

पहिला एकट्यानं. पेन्सिल तळहातावर उभी करून बघा, टिकणार नाही. आता खराट्याची लांब काठी उभी करा, थोड्या सरावानं टिकते. लांब वस्तू सावकाश कलते, त्यामुळं सावरायला वेळ मिळतो. सासनकाठी तर त्याहून कितीतरी सावकाश कलते. नवख्याला वाटतं की एवढी उंच काठी चटकन पडेल, आणि घाबरून तो चटकन ओढतो. वेळ असतो. मात्र एकदा बरीच कलली की तिला परत आणणं भारी पडतं, म्हणून लवकर आणि थोडंसं, हा क्रम लक्षात ठेवा.

दुसरा खेळ आईबरोबर किंवा बायकोबरोबर: धुतलेली चादर झटकून घडी घालणे. लहानपणापासून आपण हे करतो, एक शब्द न बोलता. समोरच्यानं कोपरे जुळवायला हात वर नेला की आपलेही जातात. चादरीला जरा ताण दिला की समोरचं माणूस पाऊल मागं घेतं. आता डोळे मिटून तीच घडी घाला. चादरीतून किती कळतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल.

तिसरा खेळ खरा सराव. दहा-बारा फुटांचा बांबू, दोन दोर, तीन माणसं आणि मोकळं मैदान. वर विजेची तार नाही, हे दोनदा बघा. मधला माणूस बांबू तोलतो, दोघं दोर धरतात. आधी दोरवाल्यांनी दोर पूर्ण सैल सोडून बघा. मग बोटानं दाबल्यावर किंचित उसळेल एवढा ताण द्या. मधल्या माणसाला विचारा, कधी बरं वाटलं? आमच्या पोरांना मी दरवर्षी हे करायला लावतो, आणि उत्तर एकच येतं: "सैल असला की एकटं वाटतंय."

२. उभं कुठं राहायचं

याकडं नवखे दुर्लक्ष करतात, आणि काठीवाल्याला सर्वांत जास्त त्रास इथूनच होतो.

समजा दोर तुमच्या हातापेक्षा वीस फूट उंचीवर बांधलाय. तुम्ही काठीपासून वीस फूट लांब उभे राहून दहा किलोचा ताण दिलात, तर साधारण सात किलो काठीला आडवं ओढतात आणि सात किलो खाली दाबतात. (बेरीज दहा होत नाही म्हणून हसू नका, काटकोनात विभागलेलं बल असंच निघतं.) तेच तुम्ही गर्दीनं रेटल्यामुळं दहा फुटांवर आलात, तर आडवे उरतात साडेचार आणि खाली जातात नऊ. म्हणजे तोल सावरायचं काम सुमारे दोन-तृतीयांशावर येतं आणि काठीवाल्याच्या अंगावर सातऐवजी नऊ किलोचं ओझं पडतं. चौघंही जवळ सरकले तर बिचाऱ्याच्या अंगावर छत्तीस किलो वजन आपण टाकलेलं असतं, आणि वर म्हणायचं, आज हा लवकर का दमला?

म्हणून जागा मिळेल तितकं लांब राहा. जागा मिळत नसेल तर ओढ कमी करा, वाढवू नका.

दुसरीकडं, थोडी ओढसुद्धा खूप असते. बुडापासून चोवीस फुटांवरची एक किलोची आडवी ओढ म्हणजे काठीवाल्याच्या हाताशी, बुडापासून चार फुटांवर, सहा किलोचा धक्का. तुम्हाला वाटतं मी हळूच हलवलं. त्याला वाटतं कुणीतरी ढकललं.

३. दोराची भाषा

प्रत्येक गावाची थोडी वेगळी, त्यामुळं आदल्या रात्री आपल्या माणसांबरोबर बसून ठरवून घ्या. आमच्याकडची अशी:

हलका, न बदलणारा ताण म्हणजे "मी आहे". हा दिवसभर चालू ठेवायचा. हात दमला की ताण कमी होतो आणि आपल्याला ते कळतही नाही. दमलात तर स्वतःहून बदली मागा.

सावकाश वाढत जाणारा ताण म्हणजे "काठी पलीकडं चाललीय, आवरतोय". हे समोरच्यासाठीही असतं. त्याच्या हाताला तुमची ओढ वाढल्याचं जाणवलं की तो तेवढाच दोर सैल सोडतो. सगळा नाही, तेवढाच.

दोन छोट्या टिचक्या म्हणजे "थांब, पुढं काहीतरी आहे". तार, झाडाची फांदी, खड्डा.

झटका म्हणजे शिवी. वर्षातून एकदा, खरोखर काठी पडत असेल तेव्हाच.

यातलं मर्म हे की हालचाल समोरच्याला ओळखता आली पाहिजे. तुम्ही दर वेळी एकाच पद्धतीनं ओढलंत तर तुमचा हात हलण्याआधीच समोरच्याला अंदाज येतो. कधी जोरात, कधी हळू, कधी उशिरा असं केलंत तर तुमच्यात कितीही ताकद असो, त्याला तुमचा भरवसा वाटत नाही. कुस्तीतलं पोरगं दोराला आलं की म्हणूनच थोडं अवघड जातं. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात उतरलेला मल्ल मानेवर हात ठेवून समोरच्याचं अंग वाचतो आणि स्वतःचं लपवतो. एकीकडं जोर दाखवायचा, दुसरीकडून पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं. दोरावर हे उलटं करायचं असतं: जे करणार ते आधी दाखवायचं, आणि दाखवलं तेच करायचं.

४. नजर कुठं

शेंड्याकडं सारखं बघू नका. मान दुखते, पायाखालचं दिसत नाही आणि काठीचा कल डोळ्यांना उशिरा कळतो. डोळ्यांनी बघून हात हलायला सुमारे पाव सेकंद जातो. तळव्याला बसलेल्या ओढीला हात त्याच्या निम्म्या वेळात उत्तर द्यायला लागतो. म्हणून शेंड्याची खबर तळव्यावर सोडा. डोळे काठीवाल्याच्या कमरेवर आणि पावलांवर ठेवा. कुठं वळणार ते तिथं आधी दिसतं. हात आणि चेहरा फसवतात, कंबर फसवत नाही.

हलगीवाल्याकडंही अधूनमधून बघा. ठेका बदलण्याआधी त्याचा खांदा किंचित वर येतो आणि मान हलते. मुरलेला काठीवाला ते बघूनच पाय उचलतो.

५. नेहमीचे घोटाळे

ओढाओढ वाढत जाणे. माझ्या हातून झालं ते हेच. लंडनमधल्या 2003 च्या एका प्रयोगात दोन माणसांना आळीपाळीनं एकमेकांच्या बोटावर दाब द्यायला सांगितलं, अट एकच: तुमच्यावर आला तेवढाच दाब परत करा. दोघंही प्रामाणिक, तरी दर खेपेला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. कारण आपण स्वतः लावलेला जोर आपल्याला कमी भासतो आणि दुसऱ्यानं लावलेला पुरा भासतो. समोरासमोरच्या दोन दोरांचं नेमकं असंच होतं. समोरचा जास्त ओढतोय असं वाटलं, की पहिल्यांदा आपला दोर चार बोटं सैल करून बघा. दहातल्या नऊ वेळा तोही सैल करतो. (हा आकडा माझा, प्रयोगातला नाही.)

ठेक्यावर ओढणे. हलगी अंगात भिनली की हात आपोआप तालावर जातो. पाय जाऊ देत, हात नको. झोपाळ्याला दर झोक्याला बोटभर ढकललं तरी तो किती वर जातो ते आठवा. चौघांचे हात एकाच तालावर ओढू लागले आणि तो ताल काठीच्या डोलण्याशी जुळला, की शेंडा दर फेरीला जास्त झुलत जातो. बघणाऱ्यांना ते भारी वाटतं, शिट्ट्या पडतात. काठीवाल्याला विचारा.

दोर मनगटाला गुंडाळणे. कधीही नाही. काठी गेली तर हात बरोबर जातो. दोर मुठीत धरा, उरलेला पायात येणार नाही असा बाजूला सोडा.

एका हातात मोबाइल. यावर मी काय लिहू? ज्याला रील काढायचा आहे त्यानं खुशाल बाहेर उभं राहून काढावा, आम्हालाही नंतर बघायला आवडतो.

चौघांनी एकदम सावरणे. काठी कलली की चारही जण हीरो होतात. ज्या बाजूला कलली त्याच्या समोरच्या दोरानंच ओढायचं, कलत्या बाजूच्यानं सोडायचं, उरलेल्या दोघांनी फक्त "मी आहे" म्हणत राहायचं. आपण काही करायचं नाही, हे ओळखणं सगळ्यात अवघड. मला अजून जमतं असं नाही.

६. वारा आणि तारा

डोंगरमाथ्यावर वारा असतो आणि निशाणाचं कापड शिडासारखं भरतं. ज्या बाजूनं वारा येतोय तिथला दोर त्या वेळी मुख्य. अनुभवी माणूस तिकडं द्या. वाऱ्याच्या झोताआधी वरचं कापड फडफडतं, ती थरथर दोरातून हाताला येते. पहिल्या वर्षी कळणार नाही, दुसऱ्या वर्षी कळेल.

तारांचं मात्र शिकून घेण्यावर सोडू नका. गावातून निघताना, केर्लीच्या रस्त्यानं जाताना, कुठंही विजेची तार दिसली की काठी थांबते, आडवी होते, पलीकडं जाते आणि मग उभी राहते. "जाईल की, वर बरीच जागा आहे" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो वयानं कितीही मोठा असो. खालून तारेची उंची नीट कळत नाही, आणि ओला दोर व कळक वीज वाहून नेऊ शकतात. रस्ता आदल्या दिवशी चालून बघा, तारांच्या जागा लिहून काढा. पुढं एक माणूस फक्त एवढंच बघायला ठेवा.

७. काठी उभी करणं, आडवी करणं

दिवसभरातलं सगळ्यात धोक्याचं काम हे, आणि इथं शब्द लागतात. दोर अजून ताणलेले नसतात, म्हणजे त्यातून बोलणं होत नाही. म्हणून एकाच माणसाचा आवाज चालायचा. "एक, दोन, तीन" म्हणून तीनला उचलायचं की तीननंतर, हे आधी ठरवा. हसू नका, यावरून आमच्याकडं एकाच्या पायाच्या बोटाचं नख गेलंय.

आवाजाबरोबर अंगही बोलू द्या. उचलण्याआधी गुडघे जरा जास्तच वाकवा, श्वास आत घेताना खांदे वर जाऊ देत. शेजारच्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसतं आणि तुम्ही दोघं एकाच क्षणी उचलता. आडवी करताना उलटं: समोरचे दोर अगदी सावकाश सोडायचे, मुठीतून घसरू द्यायचे नाहीत. एका हातामागं दुसरा हात टाकत सोडा. घसरला तर तळवा सोलून निघतो आणि काठी आपटते.

८. दोर दुसऱ्याकडं देताना

पाऊण तासानं बदली होईल. नवा माणूस येईल, "दे, मी घेतो" म्हणेल, आणि तुम्ही दमलेले असल्यानं लगेच सोडाल. असं सोडू नका. गायमुखापाशी माझ्या हातात दोर आला तेव्हा देणाऱ्यानं नुसता टाकला होता. मला ताण कळलाच नव्हता, म्हणून मी तो स्वतःच्या मनानं तयार केला.

त्याला तुमच्या मागं, तुमच्याच दोरावर दोन्ही हातांनी धरू द्या. वीस-पंचवीस पावलं दोघं मिळून चाला. तुम्ही केवढ्यावर ओढता, केवढ्यावर सोडता, ते त्याच्या हातात उतरतं. मग तुमची मूठ हळूहळू ढिली करा. त्यानं भार घेतला की तुमच्या तळव्याला दोर एकदम हलका लागेल. तसा लागला की एक हात काढा, दोन पावलं थांबा, आणि मग दुसरा.

पाण्याची बाटली कुणाकडं दिली होती ते आठवून ठेवा.